पोटातून येणारा खोकला

खोकल्याचा पेशंट सर्जनकडे येतो तो बाकी सगळ्यांचे उंबरे झिजवून झाल्यावर. हातात पिशवी, पिशवीत जाड फाइल. छातीचे एक्स-रे, थुंकीच्या तपासणीचे रिपोर्ट, फुंकायच्या टेस्टचे कागद, एखादा सीटी स्कॅन आणि कफ सिरपची नावं बदलत गेलेल्या चिठ्ठ्यांची चळत. बोलायला सुरुवात बहुतेकदा नवरा, बायको किंवा मुलगा करतो, कारण पेशंटला सलग दोन वाक्यं बोलता येत नसतात. "पित्तानं खोकला येतोय म्हणाले, आणि तुमच्याकडं त्याचं ऑपरेशन होतंय म्हणाले," एवढं सांगून सगळे माझ्याकडे बघत बसतात.

मी कोल्हापुरात पोटाच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया करते. पित्ताशयातले खडे, हर्निया, जठराचे आणि अन्ननलिकेचे आजार हे रोजचं काम. त्यात खोकल्यासाठी केलेली ऑपरेशनं थोडीच, पण मनात सगळ्यात जास्त काळ राहतात ती हीच माणसं. खडे सोनोग्राफीत दिसतात, पित्ताशय काढलं की विषय संपतो. खोकल्याचा फोटो निघत नाही. तो कुठून येतो हे ठरवण्यात महिने जातात आणि ऑपरेशनला दोन तास पुरतात. ठरवण्यात गफलत झाली, तर टाके कितीही सुबक पडोत, माणूस खोकतच घरी जाणार.

मोठ्या माणसाचा खोकला आठ आठवड्यांच्या वर टिकला की त्याला जुनाट म्हणायचं, असा वैद्यकातला संकेत आहे. आपल्याकडे तेवढं थांबून चालत नाही. दोन आठवडे झाले तरी थुंकी तपासून क्षयरोगाची शंका फेडून घ्यावी लागते, आणि ते योग्यच आहे. क्षयरोग नाही, एक्स-रे स्वच्छ आहे, विडी-सिगारेट नाही, तरी खोकला हटत नाही, अशा वेळी कारण बहुतेकदा तीन जागी सापडतं. नाकाच्या मागून घशात उतरणारा शेंबूड. दमा, ज्यात कधी कधी धाप लागतच नाही, नुसता खोकला असतो. आणि जठरातून वर येणारं आम्ल. रिचर्ड आयर्विन या अमेरिकन डॉक्टरांनी सहकाऱ्यांबरोबर १९८१ साली एक निबंध प्रसिद्ध केला. खोकल्याची संवेदना उचलणारे मज्जातंतू शरीरात जिथे जिथे पोचलेत तिथे तिथे क्रमाने शोध घ्या, कारण सापडतं, असं त्यांचं म्हणणं होतं. मी शिकाऊ असताना ते वाचलं आणि आजही पेशंट समोर बसला की त्याच क्रमाने विचारत जाते.

आधी मात्र गोळ्यांचा डबा मागून घेते. ब्लडप्रेशरच्या काही गोळ्यांनी, म्हणजे रामिप्रिल, एनालाप्रिल यांच्या जातीच्या औषधांनी, कोरडा खोकला येतो. पन्हाळ्याकडच्या एक आजी ऑपरेशनची तयारी करून, लेकीला रजा घ्यायला लावून आल्या होत्या. डब्यात ती गोळी निघाली. त्यांच्या फिजिशियनना फोन केला, त्यांनी गोळी बदलून दिली आणि काही आठवड्यांत खोकला गेला. (इथल्या सगळ्याच पेशंटचे ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.)

आता जठराचा आणि खोकल्याचा संबंध काय, हा प्रश्न घरचे नेहमी विचारतात. अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथे स्नायूंची एक झडप असते. अन्न खाली जाऊ द्यायचं आणि वर येऊ द्यायचं नाही, हे तिचं काम. भोवतीचं श्वासपटल तिला बाहेरून आवळून मदत करतं. झडप सैल पडली, किंवा श्वासपटलातली फट रुंदावून जठराचा वरचा भाग छातीत सरकला, की आम्ल वर चढतं. त्याला आम्ही रिफ्लक्स म्हणतो. त्यातून खोकला दोन वाटांनी येतो. एकतर ते आम्ल थेट घशापर्यंत पोचतं आणि त्याचा अंश श्वासनलिकेत उतरतो. दुसरी वाट जास्त फसवी आहे. आम्ल अन्ननलिकेच्या खालच्या भागालाच लागतं, पण तिथली खबर व्हेगस मज्जातंतू मेंदूच्या देठाकडे नेतो आणि तिथून खोकल्याचा हुकूम सुटतो. गर्भात अन्ननलिका आणि श्वासनलिका एकाच नळीपासून तयार होतात, त्यांचे तंतूही एकाच वाटेने जातात. म्हणून या दुसऱ्या प्रकारात छातीत जळजळ, आंबट ढेकर यांपैकी काहीही नसताना माणूस खोकत राहू शकतो. त्यात खोकल्याने पोटातला दाब वाढतो, दाबाने आणखी आम्ल वर येतं, त्याने आणखी खोकला. एकदा हे चक्र फिरायला लागलं की मूळ कुठलं आणि परिणाम कुठला ते पेशंटलाच काय, डॉक्टरलाही सांगता येत नाही.

गोळ्यांबद्दल इथे बोलायला हवं. ओमेप्रॅझोल, पॅन्टोप्रॅझोल या गोळ्या जठरात तयार होणारं आम्ल कमी करतात. द्रव वर येणं त्या थांबवत नाहीत. जे वर येतं ते कमी आंबट असतं, इतकंच. जळजळीला तेवढं पुरतं. खोकल्याला कधी पुरतं, कधी नाही. "गोळ्यांनी खोकला थांबला नाही, म्हणजे ऑपरेशनच हवं," असा निष्कर्ष लोक काढतात आणि दुर्दैवाने काही डॉक्टरही. गोळी लागू पडली नाही याचा अर्थ असाही असू शकतो की खोकला आम्लाचा नव्हताच. अमेरिकेतल्या छातीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ साली दिलेल्या सूचनांत स्पष्ट म्हटलंय की जळजळ किंवा आंबट पाणी घशाशी येणं यांपैकी काही नसेल, तर खोकल्यासाठी नुसत्या या गोळ्यांवर भिस्त ठेवू नये. आपल्याकडे मात्र अशा गोळ्या चिठ्ठीशिवाय वर्षानुवर्षं घेणारी माणसं मला रोज भेटतात. जेवणानंतर घेतात, खोकला आला की घेतात. ही गोळी सकाळी उपाशीपोटी, नाश्त्याच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यायची असते, हेही कुणी सांगितलेलं नसतं.

गडहिंग्लज भागातल्या एका प्राथमिक शाळेच्या बाई माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांचा खोकला काही वर्षांचा झाला होता. आधी खडूच्या धुळीवर बोट ठेवलं गेलं, मग दम्यावर. इनहेलर झाले, स्टिरॉइड झाली. थुंकी पुन्हा पुन्हा तपासली, कारण खोकणाऱ्या शिक्षिकेबद्दल गावात कुजबुज होती. त्या तिसरीला शिकवायच्या. वाचून दाखवायला घेतलं की ढास लागायची, म्हणून त्यांनी वाचन मुलांकडून करून घ्यायला सुरुवात केली आणि स्वतः फळ्यावर लिहायच्या. रात्री उशा रचून बसल्या बसल्या झोपायच्या. कोविडनंतर एसटीत शेजारची माणसं उठून दुसऱ्या सीटवर जायची. हे सगळं नवऱ्याने सांगितलं.

मग नवऱ्याला बाहेर बसायला सांगून मी विचारलं, "बाई, खोकताना लघवी होते का?"

त्या बराच वेळ पिशवीचा बंद चाळवत राहिल्या. म्हणाल्या, "कापड ठेवते मी. लग्नाकार्याला जात नाही आता. वर्गात सुद्धा खुर्ची सोडत नाही."

हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं. जुनाट खोकल्याच्या बायकांमध्ये हा त्रास इतका सर्रास असतो की खोकल्यावर उपचार करणाऱ्या प्रत्येकाने तो विचारलाच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. खोकून खोकून बरगडीला चीर गेलेली माणसं मी पाहिली आहेत, उभ्या उभ्या भोवळ येऊन पडलेली पाहिली आहेत. तरी "खोकल्याचं काय एवढं, खोकल्यानं कुणी मरतं का," हे वाक्य त्यांना घरातच ऐकावं लागतं. ज्या आजाराला एक्स-रेत डाग नाही, रक्तात आकडा नाही, तो आजार नाहीच, अशी समजूत फक्त घरच्यांची असती तर एवढं वाईट वाटलं नसतं.

बाईंना मी खोकल्याचं वेळापत्रक विचारलं. जेवणानंतर वाढतो का? वाकून केर काढताना, शेतात भांगलताना? आडवं पडल्यावर? हसताना, फोनवर बोलताना? त्यांना जेवणानंतर तासाभरात हमखास यायचा आणि वाकलं की आंबट-कडू पाणी घशाशी यायचं. जळजळ होती, पण खोकल्यापुढे तिची कुणी दखलच घेतली नव्हती. दुर्बिणीने पाहिलं तर हायटस हर्निया होता, म्हणजे जठराचा वरचा भाग श्वासपटलातून वर सरकलेला. अन्ननलिकेच्या तळाशी एक-दोन बारीक ओरखडे. मोठे व्रण असते तर आम्लाचा पुरावा तिथेच मिळाला असता. एवढ्याशा ओरखड्यांवर मी कुणाला टेबलावर घेत नाही. आधी नळीची तपासणी.

या तपासणीची सोय सगळीकडे नाही. पूर्वी आम्हीही पेशंटला पुण्याला पाठवायचो. आता आमच्याकडे होते, आणि खोकल्याच्या पेशंटची असेल तर मी शक्यतो तिथे थांबते. नाकपुडीत बधिर करणारी जेली लावतात आणि बारीक नळी नाकातून आत सरकवतात. घशाच्या वळणावर पेशंटला पाण्याचे घोट गिळायला सांगायचं, प्रत्येक घोटाबरोबर नळी खाली जाते. ज्याच्या घशाला स्वतःचा श्वाससुद्धा सहन होत नाही त्याच्या घशातून नळी न्यायची. बाईंना नळी टेकताच ढास लागली, डोळ्यांतून पाणी आलं, आमच्या तंत्रज्ञाने नळी काढून घेतली. तो घाई करत नाही, हा त्याचा मोठा गुण. "बाई, आपल्याला बस पकडायची नाही," म्हणत त्याने त्यांना शांत होऊ दिलं, आणि मग नळी उतरली.

पहिली नळी दाबाची. आडवं झोपवून एकेक घोट पाणी द्यायचं, असे दहा घोट. पडद्यावर रंग उमटतात: कमी दाब निळा, जास्त दाब लाल. प्रत्येक घोटाला वरून खाली सरकणारा तिरपा लाल पट्टा दिसला की अन्ननलिका अन्न नीट ढकलते आहे. तो पट्टा तुटक असेल किंवा नसेलच, तर अन्ननलिकेभोवती जठराचा पूर्ण वेढा घालणारं ऑपरेशन करायचं नाही. नाहीतर खोकला राहायचा बाजूला आणि घास अडकायला लागायचा. याच तपासणीत झडपेची नेमकी जागा कळते. दुसरी नळी आम्ल मोजणारी. तिचा सेन्सर झडपेच्या पाच सेंटीमीटर वर ठेवतात, नळी नाकाला आणि गालाला चिकटपट्टीने बसवतात, कमरेला छोटं यंत्र लावतात आणि पेशंटला चोवीस तासांसाठी घरी, किंवा जवळच्या पाहुण्यांकडे, पाठवतात. आम्लाच्या गोळ्या आठवडाभर आधी बंद केलेल्या असतात. चांगला रिपोर्ट यावा म्हणून त्या दिवशी पथ्य पाळणारे निघतात. त्यांना मी सांगते, रोज जे खाता तेच खा, रोज जेव्हा झोपता तेव्हाच झोपा. "मग रस्सा चालतोय?" असं विचारणाराही असतोच. रोज असेल तर चालतोय.

यंत्रावर बटणं असतात: जेवलो, झोपलो, खोकलो. खोकल्याचं बटण दाबायचं लोक विसरतात, विशेषतः ढास लागली की हात छातीवर असतो, बटणावर नसतो. म्हणून घरच्या माणसाला वही घेऊन बसवते. बाईंनी आखीव वहीत स्वतःच वेळा लिहून आणल्या होत्या, मिनिटासकट.

दुसऱ्या दिवशी आलेख उघडला. पीएचची रेघ चारच्या वर असेल तोवर ठीक, चारच्या खाली गेली की आम्ल. बाईंची रेघ दुपारच्या डब्यानंतर खाली बुडी मारायची आणि मिनिटभरात वहीत नोंद: ढास. रात्री आडवं झाल्यावर पुन्हा तेच. आम्लाच्या पाठोपाठ दोन मिनिटांच्या आत खोकला आला तर त्यांचा संबंध धरायचा, असा हिशेब असतो. काही वेळा उलटंही होतं, आधी खोकला आणि मग आम्ल, आणि ते वेगळं काढावं लागतं. बाईंच्या आलेखात बहुतेक वेळा आम्ल आधी होतं. चोवीस तासांपैकी किती टक्के वेळ रेघ चारच्या खाली होती हाही आकडा बघतात. चार टक्क्यांच्या आत असेल तर सर्वसाधारण, सहाच्या वर असेल तर आजार नक्की. त्यांचा सहाच्या बराच वर होता. मी नवऱ्याला आत बोलावून पडद्यावर बोट ठेवून दाखवलं. ते बघून बाई म्हणाल्या, "म्हणजे माझ्या मनाचं नव्हतं हे." मनाचं आहे असं त्यांना कुणी सांगितलं होतं ते मी विचारलं नाही.

त्याच सुमारास इचलकरंजीचे एक यंत्रमाग कामगार आले होते. खोकला तितकाच जुना, वय थोडं जास्त. "ॲसिडिटीचा खोकला" असं लेबल लागलेलं, पैशांची जुळवाजुळव झालेली, भाऊ रजा काढून आलेला. नळी घातली. आम्लाची रेघ दिवसभर आणि रात्रभर चारच्या वर, टक्केवारी अगदी सर्वसाधारण. खोकला भरपूर, पण आम्लाशी त्याचा मेळच नाही. मी ऑपरेशन करणार नाही म्हटल्यावर ते चिडले. "एवढ्या लांबनं आलोय, करून टाका की. गुण आला तर आला."

शस्त्रक्रियेत हा "करून टाका" फार जड असतो. समोरचा माणूस गयावया करतोय, पैसे भरायला तयार आहे, आपल्या हातात कसब आहे. मी नाही म्हटलं तर दुसरीकडे कुणीतरी हो म्हणेल, हेही ठाऊक असतं. पण चांगल्या झडपेभोवती वेढा घालून सुताच्या धुळीचा किंवा हुळहुळ्या झालेल्या मज्जातंतूंचा खोकला थांबणार नाही, वर पोटफुगी मात्र कायमची पदरात पडेल. मी त्यांना छातीच्या डॉक्टरांकडे परत पाठवलं, आलेखाची प्रत आणि सविस्तर पत्र देऊन. काही खोकल्यांत खोकल्याची वाटच अतिसंवेदनशील झालेली असते. थंड हवा, वास, बोलणं, कशानेही ती पेटते. त्यासाठी गॅबापेंटिनसारखी मज्जातंतूंवरची औषधं कमी मात्रेत देतात आणि वाचा-उपचारतज्ज्ञ खोकल्याची उबळ दाबायचे, घोट घ्यायचे, नाकाने श्वास घ्यायचे प्रकार शिकवतात. दोन्हींचा उपयोग होतो, पण सगळ्यांना होत नाही. या काकांचा खोकला पूर्ण गेलेला नाही. झोप मिळते, एवढं त्यांच्या भावाने पुढे सांगितलं. ते स्वतः अजून माझ्यावर नाराज आहेत.

बाईंचं ऑपरेशन पावसाळ्यात झालं. अशा पेशंटला भूल देणं सोपं नसतं. झोपवताना आम्ल घशात येण्याचा धोका, आणि उठवताना खोकल्याचा. नुकतेच घातलेले टाके असताना जोराची ढास किंवा उलटीची उबळ आली तर श्वासपटलावरचे टाके फाटू शकतात. त्यामुळे शेवटची दहा मिनिटं खऱ्या अर्थाने भूलतज्ज्ञांची असतात.

पोटात वायू भरून पाच छोट्या छिद्रांतून काम चालतं. टेबलाचं डोकं वर, आणि मी पेशंटच्या दोन पायांच्या मध्ये उभी. यकृताचा डावा भाग उचलून धरला की खाली श्वासपटलाची फट दिसते. बाईंची फट चांगलीच रुंदावली होती. जठराचा वर गेलेला भाग हलक्या हाताने खाली आणायचा, अन्ननलिका छातीत वरपर्यंत मोकळी करायची, म्हणजे तिचा दोन-तीन सेंटीमीटर भाग ताण न पडता पोटात राहतो. हे करताना व्हेगस जपायचा. अन्ननलिकेच्या मागे तो दिसतो, पांढुरका आणि चिवट. खोकल्याच्या पेशंटमध्ये तो समोर आला की माझी नजर तिथे जास्त वेळ राहते. इतकी वर्षं खबर वर गेली ती याच तंतूवरून.

मग फट मागच्या बाजूने न विरघळणाऱ्या धाग्याने शिवून अरुंद करायची, प्लीहेकडून जठराला येणाऱ्या छोट्या रक्तवाहिन्या सोडवायच्या आणि मोकळा झालेला जठराचा वरचा भाग अन्ननलिकेच्या मागून उजवीकडे आणायचा. इथे एक हालचाल करून बघतात. बूट पॉलिश करणारा फडक्याची दोन टोकं धरून ते मागे-पुढे ओढतो, तसा जठराचा तो भाग अन्ननलिकेच्या मागून इकडून तिकडे सरकवायचा. जगभरचे सर्जन तिला 'शू-शाइन'च म्हणतात. तो अडखळत नसेल आणि सोडल्यावर झटक्याने परत जात नसेल, तर पीळ नाही, ताण नाही. मगच वेढ्याचे टाके. वेढा आखूड हवा, दोनेक सेंटीमीटरचा, आणि सैल. घट्ट केला तर खोकला लवकर थांबेल असं काही नसतं, घास मात्र नक्की अडकतो.

या वेढ्याला रुडॉल्फ निसेन यांचं नाव आहे. हे जर्मन ज्यू सर्जन १९३३ साली देश सोडून इस्तंबूलला गेले. तिथे एका तरुणाच्या अन्ननलिकेचा व्रण असलेला खालचा भाग काढल्यावर जोड सुरक्षित राहावा म्हणून त्यांनी तो जठराच्या घडीत पुरला. काही वर्षांनंतर त्यांच्या लक्षात आलं की त्या माणसाला रिफ्लक्सचा त्रासच नाही. १९५५ साली, बासेलला प्राध्यापक असताना, त्यांनी रिफ्लक्ससाठी मुद्दाम तसा वेढा घातला आणि पुढच्या वर्षी ते प्रसिद्ध केलं. पेशंटला सोडून दिल्यावरही वर्षानुवर्षं त्याची विचारपूस करण्यातून एक शस्त्रक्रिया जन्माला आली, याचं मला फार मोल वाटतं. पॅरिसच्या आंद्रे तुपे यांनी १९६३ साली मागून अर्धवट वेढा घालायची पद्धत दिली. अन्ननलिकेचा जोर कमी असेल तिथे मी तीच वापरते. १९९१ साली बेल्जियममधल्या बर्नार दालमान्य यांनी दुर्बिणीतून निसेन केल्याचं प्रसिद्ध झालं आणि मोठा छेद मागे पडला. बाईंची अन्ननलिका जोमदार होती, त्यांना पूर्ण वेढा घातला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जळजळ नव्हती. खोकला होता. हे होणार हे मी आधीच सांगितलेलं असतं. भुलीच्या नळीने घसा दुखावलेला असतो आणि वर्षानुवर्षं चाळवलेले मज्जातंतू एका रात्रीत निवत नाहीत. तरीही ऑपरेशननंतरची पहिली ढास लागते तेव्हा पेशंटच्या आणि नातेवाइकांच्या तोंडचं पाणी पळतं. त्या आठवड्यांत मी फोन घ्यायला कधीच कंटाळत नाही. पहिल्या महिन्यात पेज, आंबील, मऊ भात-आमटी. भाकरी, कोरडी चपाती, मटणाचे तुकडे आणि सोडा बंद. बादली उचलायची नाही. घास थोडा अडतो, तो सूज उतरली की मोकळा होतो. ढेकर नीट येत नाही, पोट तडस लागल्यासारखं फुगतं, उलटी करावीशी वाटली तरी होत नाही. यातलं काही जणांना पुढेही राहतं. ही किंमत आहे आणि ती आधी सांगायची असते.

बाईंचा खोकला आधी रात्रीचा कमी झाला. दसऱ्याच्या सुमारास त्या आडव्या होऊन झोपायला लागल्या. दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली तेव्हा परिपाठ त्यांनी स्वतः घेतला, असं नवऱ्याने कळवलं. लघवीचा त्रास बराच कमी झाला, पूर्ण नाही. त्यासाठी व्यायाम चालू आहेत.

सगळ्यांचं असं होत नाही. शिरोळचे एक निवृत्त साखर कारखाना कर्मचारी, हर्निया मोठा, तपासणीत आम्ल भरपूर, जळजळ जन्माची आणि त्यात खोकला. त्यांना मी सांगितलं होतं की जळजळ जाईल हे बऱ्यापैकी खात्रीने सांगते, खोकल्याचं तितक्या खात्रीने सांगू शकत नाही. तसंच झालं. पुढे पुन्हा नळी घालून पाहिली, आम्ल वर येत नव्हतं. खोकला होता तसाच. म्हणजे त्यांचा खोकला निदान काही प्रमाणात दुसरीकडचा होता आणि रिफ्लक्स त्याच्या शेजारी राहत होता. "जळजळ गेली, गोळी सुटली, माझं भागलं," असं ते म्हणतात. त्यांच्या पत्नीचं भागलेलं नाही, कारण रात्री जागतात त्या. खोकल्याबरोबर जळजळ आणि आंबट पाणी असेल, गोळीने थोडा तरी उतार पडत असेल आणि आलेखात आम्ल दिसत असेल, तर यशाची आशा जास्त. यातलं जितकं कमी, तितकी मी मागे सरते. जळजळीसाठी तर गोळ्याही जवळपास ऑपरेशनइतकंच काम करतात. युरोपातल्या लोटस या मोठ्या चाचणीत, २०११ साली आलेल्या निकालांनुसार, पाच वर्षांनी गोळ्या घेणाऱ्यांपैकी ९२ टक्के आणि ऑपरेशन झालेल्यांपैकी ८५ टक्के लोकांचा आजार काबूत होता. सुरीला गोळीपेक्षा वरचढ मानणाऱ्या पेशंटला मी हे आकडे सांगते. वेढा पुढे सैलही पडू शकतो.

या आठवड्यात जयसिंगपूरच्या भाजी विकणाऱ्या एक मावशी येऊन गेल्या. खोकल्याने बाजारात ओरडता येत नाही, त्यामुळे गिऱ्हाईक शेजारच्या पालाकडे जातं, ही त्यांची तक्रार. जेवणानंतर ढास लागते, घशाशी येतं. नळीचं ऐकून त्यांनी दोन्ही हात जोडले.

"ती नळी नको बाई. एकदाच काय ते फाडा आणि मोकळं करा."

"मावशी, आधी नळी. नळीत दिसलं तर पुढचं बोलू."

"आणि नाही दिसलं तर?"

"तर छातीच्या डॉक्टरांकडे मी स्वतः चिठ्ठी देईन, आणि त्यांच्याकडून कळलं की परत मला येऊन सांगायचं."

सोमवारपासून ॲसिडिटीची गोळी बंद, त्याच्या पुढच्या सोमवारी सकाळी उपाशीपोटी यायचं, नाकातली चमकी घरीच काढून ठेवायची आणि वही लिहायला नात बरोबर आणायची, एवढं त्यांच्या लेकाला कागदावर लिहून दिलं आहे.